फिशटँकसाठी आरओचं पाणी: कधी लागतं, कसं बनतं आणि टँकमध्ये टाकण्याआधी काय करायचं

"घरात प्यायचा आरओ आहेच, तेच पाणी माशांना टाकलं तर चालेल का?" नवीन टँक घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो आणि दुकानदार "हो चालेल" किंवा "अजिबात नको" असं काहीतरी सांगून मोकळा होतो. खरं उत्तर जरा लांब आहे. आरओचं पाणी म्हणजे ज्यातून जवळपास सगळं काढून घेतलंय असं रिकामं पाणी. त्यात परत काय आणि किती घालायचं हे माहीत असेल तर त्यासारखी सोय नाही, आणि माहीत नसेल तर त्यापेक्षा साधं नळाचं पाणी बरं.

म्हणून आधी मोजा, मशीनचं नंतर बघू. दोन गोष्टी लागतात, एक टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवणारं पेन आणि दुसरं जीएच-केएच मोजायचं थेंबांचं किट. पेन स्वस्तात मिळतं म्हणून सगळे तेवढंच घेतात आणि थांबतात, पण पेन खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून आकडा काढून दाखवतं. पाण्यात काय विरघळलंय, कॅल्शियम आहे, मीठ आहे की नायट्रेट आहे, ते त्याला कळत नाही. जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजे पाण्याचा जडपणा. केएच म्हणजे बायकार्बोनेट, जे पीएचला (पाणी किती आम्ल आहे त्या आकड्याला) एका जागी धरून ठेवतं. एक डिग्री म्हणजे साधारण १८ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १८ भाग. माशाच्या दृष्टीने हे दोन आकडे टीडीएसपेक्षा जास्त कामाचे.

मुंबईत महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा असल्या तलावांतून येतं आणि ते मुळात मऊ असतं, टीडीएस सहसा शंभर पीपीएमच्या आसपास. पुण्यात खडकवासल्याचं पाणी ज्यांच्या नळाला येतं त्यांचीही तीच गोष्ट. कोकणात जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणीही बहुतेक ठिकाणी मऊच असतं. अशा घरात माशांसाठी आरओ लावणं म्हणजे पैसे आणि पाणी दोन्ही वाया, तिथे अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाका आणि निवांत राहा. प्रश्न असतो तो बोअरवाल्यांचा आणि टँकरवाल्यांचा. मराठवाडा, नगर, सोलापूर, पुण्याच्या बाहेरच्या नव्या सोसायट्या, इथे बोअरचं पाणी ७००, ९००, कधी १५०० सुद्धा दाखवतं, गीझरच्या कॉईलवर खडू साचतो, नळाच्या तोंडाशी पांढरं पुट चढतं. प्यायच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत असावा आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावा असं आहे, पण ते माणसांसाठी, निऑन टेट्रा माशासाठी नाही.

इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी कारण यात खूप जण फसतात. सोसायटीत सॉफ्टनर प्लांट आहे म्हणजे पाणी माशांसाठी मऊ झालं, असं नसतं. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे साबणाला फेस येतो, गीझर वाचतो, पण टीडीएस होता तिथेच राहतो. केएचही तसाच राहतो. किट जीएच १ दाखवेल, पेन ८०० दाखवेल, आणि तुम्हाला वाटेल की यातलं एक बिघडलंय. दोन्ही बरोबर असतात. असं सोडियम भरलेलं पाणी झाडांनाही नको आणि मऊ पाण्यातल्या माशांनाही नको. शक्य असेल तर सॉफ्टनरच्या आधीची लाईन मिळते का बघा. आरओमध्ये घालायला मात्र सॉफ्टनरचं पाणी उत्तम, मेंब्रेनवर, म्हणजे आरओच्या गाळणाऱ्या पडद्यावर, खडू बसत नाही.

मासे कुठले त्यावरही आहेच. गप्पी, मॉली, प्लॅटी, गोल्डफिश हे जड पाण्यात मजेत राहतात, मॉलीला तर ते हवंच असतं. मलावी आणि टांगानिका तळ्यातले आफ्रिकन सिक्लिड ठेवत असाल तर तुमचं बोअर म्हणजे तुमची लॉटरी. आरओ लागतो तो डिस्कस, कार्डिनल आणि निऑन टेट्रा, रॅम, बरेचसे अपिस्टोग्रामा, क्रिस्टल रेड श्रिंप आणि प्लांटेड टँकमधल्या नाजूक झाडांसाठी. आपल्याच पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातला डेनिसन बार्ब, ज्याला दुकानात मिस केरळा म्हणतात, तोही मऊ, वाहत्या, ऑक्सिजन भरपूर असलेल्या पाण्यातला. ९०० टीडीएसच्या बोअरमध्ये त्याला ठेवू नका.

आता आरओ काम कसं करतो ते. दोन पाणी शेजारी-शेजारी, मध्ये असा पातळ पडदा की ज्यातून पाणी जातं पण क्षार जात नाहीत. एका बाजूला शुद्ध पाणी, दुसऱ्या बाजूला खारं. आपोआप काय होतं तर शुद्ध पाणी खाऱ्याकडे सरकतं, हे ऑस्मोसिस. रिव्हर्स म्हणजे आपण खाऱ्या बाजूला जोर लावायचा, इतका की पाणी उलट्या दिशेने ढकललं जाईल आणि क्षार मागे राहतील. किती जोर लागेल ते क्षारांवर ठरतं. ढोबळ हिशोब असा की १०० पीपीएमला १ पीएसआय (पीएसआय हे दाबाचं माप), म्हणजे ९०० टीडीएसच्या बोअरला नुसतं बरोबरीला यायलाच ९ पीएसआय गेले, त्याच्या वरचा दाब खरा कामाचा. समुद्राच्या पाण्याला नुसतं बरोबरीला यायला २७ बारच्या (सुमारे ३९० पीएसआय) आसपास दाब लागतो, म्हणून घरचा आरओ समुद्राचं पाणी गोड करू शकत नाही.

हे काम व्यवहारात जमेल असा पडदा सिडनी लोएब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी कॅलिफोर्नियात, यूसीएलए विद्यापीठात १९५० च्या दशकाच्या शेवटी बनवला. त्यांचा पडदा सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा होता. आज आपल्या घरात असतो तो पॉलिअमाइडचा, १९७० च्या दशकात आलेला. सुरळीच्या वडीसारखा गुंडाळलेला असतो, थर, जाळी, थर, जाळी, आणि मधल्या भोकं पाडलेल्या नळीत शुद्ध पाणी गोळा होतं. या पॉलिअमाइडची एक मोठी कमजोरी आहे, क्लोरीन त्याला खातं. म्हणून मेंब्रेनच्या आधी कार्बन फिल्टर असतो. लोकांना वाटतं कार्बन वासासाठी आहे, वासासाठी असेलही, पण मेंब्रेनच्या दृष्टीने तो बॉडीगार्ड आहे, आणि तो संपला की मेंब्रेन आतून हळूहळू खराब होत जातं.

क्रम असा: आधी ५ मायक्रॉनचा पांढरा स्पन फिल्टर, तो गाळ-माती अडवतो. मग एक किंवा दोन कार्बन. मग पंप, मग मेंब्रेन. मेंब्रेनला तीन तोंडं असतात, एकातून कच्चं पाणी आत, एकातून शुद्ध बाहेर, एकातून रिजेक्ट, म्हणजे मागे राहिलेल्या क्षारांचं पाणी, बाहेर. रिजेक्टच्या पाईपमध्ये एक छोटा तुकडा असतो, फ्लो रिस्ट्रिक्टर, मेकॅनिक त्याला एफआर म्हणतात, त्यावर ३००, ४५० असा आकडा असतो, म्हणजे मिनिटाला तेवढे मिली पाणी तो सोडतो. हा तुकडा नसेल तर पाणी सरळ वाहून जाईल, आत दाबच तयार होणार नाही. आणि कोणी "पाणी वाचवायला" रिजेक्ट बंदच केलं तर सगळे क्षार मेंब्रेनवर बसतील आणि ते थोड्याच दिवसांत चोक होईल. रिजेक्ट म्हणजे मेंब्रेन धुणारं पाणी, ते वाहायलाच हवं.

आता मूळ प्रश्नाकडे, स्वयंपाकघरातला आरओ. तो चालतो, पण नळातून येणारं पाणी जसंच्या तसं घेऊ नका. आजकालच्या बहुतेक प्युरिफायरमध्ये मेंब्रेननंतर बरंच काही जोडलेलं असतं. एक म्हणजे टीडीएस कंट्रोलर, तो थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो, चवीसाठी. त्याचा स्क्रू मेकॅनिकने प्रत्येक सर्व्हिसला वेगळा फिरवला की तुमच्या टँकचं पाणी बदललं. दुसरं म्हणजे मिनरल किंवा अल्कलाइन कार्ट्रिज, नवीन असताना जास्त सोडतं, जुनं झालं की कमी. तिसरं आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे कॉपर कार्ट्रिज. तांब्याचे गुण म्हणून ते विकलं जातं, माणसाला ठीक असेल, पण श्रिंप आणि गोगलगायींना तांबं म्हणजे विष, अगदी थोडंसं सुद्धा. ओळखीतल्या एका घरी सगळं व्यवस्थित होतं, चेरी श्रिंपची पिल्लं होत होती, घरच्यांनी प्युरिफायर बदलून कॉपरवाला आणला आणि दोन वॉटर चेंजमध्ये श्रिंप तळाशी आडवे. टीडीएस तेवढाच होता त्यामुळे कोणाला संशयच आला नाही. तुमच्याकडे कॉपरवालं मशीन असेल तर माशांसाठीचं पाणी मेंब्रेनच्या शुद्ध पाण्याच्या नळीतून, त्या सगळ्या कार्ट्रिजच्या आधी, टी (तीन तोंडांचा जोड) लावून वेगळं काढून घ्या. पाव इंची पुशफिट टी आणि छोटा बॉल व्हॉल्व्ह, प्युरिफायरचे पार्ट विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतो. मशीन वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिसवाल्याला विचारा.

माझं मत विचाराल तर दीड-दोनशे लिटरच्या वर टँक असेल तर वेगळा उघडा सेटच लावा. स्पन, कार्बन, मेंब्रेन हाऊसिंग, पंप, एफआर, बस. यूव्ही नको, मिनरल नको, पोस्ट कार्बन नको, टाकीही नको, पाणी सरळ पिंपात. पार्ट सगळे मिळतात, कुठलंही बंद खोकं नाही, काय बिघडलं ते डोळ्याला दिसतं.

पंपाबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण इथेच आपल्याकडची परिस्थिती वेगळी पडते. परदेशातल्या व्हिडिओत माणूस नळाला पाईप लावतो आणि आरओ सुरू, कारण तिकडे नळालाच ५०-६० पीएसआय असतो आणि मेंब्रेनवर लिहिलेला आकडा त्याच दाबावर, २५ अंश पाण्याला मोजलेला असतो. आपल्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. १० मीटर उंचीला जेमतेम १४ पीएसआय मिळतो, म्हणजे तुम्ही टाकीच्या दोन मजले खाली असाल तर दहासुद्धा नाही, आणि त्यातले ९ पीएसआय तर बोअरच्या क्षारांनीच खाल्ले. म्हणून २४ व्होल्टचा बूस्टर पंप घ्यावाच लागतो. ७५ जीपीडीचं (दिवसाला ७५ गॅलनचं) मेंब्रेन म्हणजे दिवसाला २८४ लिटर, तासाला १२ लिटरच्या आसपास, पण हे कागदावर. जड पाणी, कमी दाब, थंडी यात ते तासाला ८-९ वर येतं. थंडीचा फरक खरंच जाणवतो, पाणी एका अंशाने गार झालं की साधारण ३ टक्के कमी निघतं, नाशिकच्या डिसेंबरमध्ये तेच मशीन उन्हाळ्यापेक्षा बरंच सावकाश चालतं. मशीन बिघडलेलं नसतं.

मेंब्रेन बसवताना हाऊसिंगचं झाकण काढलं की एका टोकाला दोन बारीक रबरी ओ-रिंग असलेली नळी दिसते, ते टोक आधी आत जातं आणि तळाच्या भोकात घट्ट बसेपर्यंत दाबायचं. दुसऱ्या टोकाला जाड रबराची कडा असते, ती झाकणाच्या बाजूला. हात स्वच्छ धुवून, मेंब्रेनला शक्यतो प्लास्टिकच्या पिशवीतूनच धरून. ओ-रिंग सरकत नसेल तर पाण्याने ओली करा किंवा ग्लिसरीन लावा, व्हॅसलिन लावू नका, ते काही रबरांना फुगवतं. ओ-रिंग जराशी दुमडली तरी कच्चं पाणी कडेने शुद्ध पाण्यात शिरतं, मग मेंब्रेन नवं कोरं असूनही टीडीएस २०० येतो आणि लोक मेंब्रेनला शिव्या घालतात.

नवं मेंब्रेन टिकावं म्हणून त्यात केमिकल घातलेलं असतं, म्हणून पहिले एक-दोन तास आलेलं शुद्ध पाणी फेकून द्या. कार्बनही आधी वेगळा धुऊन घ्या, काळं पाणी मेंब्रेनमध्ये जाऊ देऊ नका.

मग पेन घ्या. कच्चं पाणी ९००, शुद्ध ४५ आलं तर ९५ टक्के क्षार अडले, म्हणजे मेंब्रेन छान आहे. हा आकडा वहीत किंवा फोनमध्ये तारखेसह लिहून ठेवा. नुसतं "शुद्ध किती आलं" बघून उपयोग नाही कारण उन्हाळ्यात बोअरच १२०० होतं, तेव्हा शुद्धही वर जाणारच. टक्केवारी बघायची, ती ९० च्या खाली घसरायला लागली की मेंब्रेन म्हातारं व्हायला लागलं. आणि मशीन सुरू केल्या-केल्या मोजू नका. मशीन बंद असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंचे क्षार हळूहळू सारखे व्हायला बघतात, त्यामुळे पहिल्या पाण्यात टीडीएस खूप जास्त असतो. पेन नळीखाली धरून बसा, आकडा १५० वरून ९०, ६०, ५० असा उतरताना दिसतो आणि काही मिनिटांत एका जागी थांबतो. तो थांबलेला आकडा खरा. तोपर्यंतचं पाणी रिजेक्टमध्ये घाला. याच कारणाने रोज दहा-दहा मिनिटं चालवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सलग तीन-चार तास चालवणं चांगलं.

एफआर बरोबर आहे का तेही तेव्हाच बघा. मापाचा मग घ्या, एक मिनिट शुद्धची नळी, एक मिनिट रिजेक्टची नळी. शुद्ध १७०-१८० आणि रिजेक्ट ४५० मिली, म्हणजे एकाला अडीच, बोअरला हे ठीक. पाणी मऊ असेल तर एकाला दीड-दोनपर्यंत खाली आणता येतं, जड पाण्याला तो मोह नको.

आता पाणी पिंपात आलं. इथून पुढचं काम मशीनचं नाही, तुमचं.

सगळ्यात सोपा आणि मला सगळ्यात आवडणारा मार्ग म्हणजे आरओ आणि बोअर मिसळणं. समजा तीन फुटी टँक आहे, ३६ बाय १५ बाय १८ इंच. तिन्ही आकड्यांचा गुणाकार करून ६१ ने भागा, लिटर मिळतात, इथे १५९. खडी, लाकूड, वरची मोकळी जागा धरून पाणी १४० च्या आसपास. आठवड्याला ४८ लिटर बदलायचं ठरवलं. बोअरचा जीएच २४, केएच १६, आणि टेट्रांसाठी तुम्हाला हवाय जीएच ६, केएच ४. सहाला चोवीसने भागलं तर पाव. म्हणजे पाव भाग बोअर, पाऊण भाग आरओ: १२ लिटर बोअर, ३६ लिटर आरओ. आरओ जवळपास शून्य जीएचचा असतो त्यामुळे हा हिशोब बरोबर येतो. मिसळलं की टीडीएस २६० च्या आसपास दिसेल. बस, ना कुठली पावडर ना वजनकाटा, आणि बोअरमध्ये शेतीमुळे नायट्रेट असेल तर तेही पावपटीच्या आसपास आलं. बोअरऐवजी महापालिकेचं पाणी मिसळत असाल तर त्या भागापुरतं अँटी-क्लोरीन टाका.

मिसळणं जमत नाही ते सॉफ्टनरवाल्यांना, किंवा ज्यांच्या बोअरमध्ये मीठच जास्त आहे त्यांना, किंवा श्रिंपवाल्यांना. त्यांनी शुद्ध आरओमध्ये क्षार घालायचे. रेडीमेड जीएच पावडर मिळते, श्रिंपची वेगळी मिळते, महाग वाटते पण क्रिस्टल रेड ठेवत असाल तर तीच घ्या, त्यांना केएच जवळपास शून्यच लागतो आणि टीडीएस १०० ते १५० मध्ये. साध्या प्लांटेड टँकला घरी करता येतं. १०० लिटर आरओला ९ ग्रॅम जिप्सम, साडेचार ग्रॅम एप्सम सॉल्ट आणि ६ ग्रॅम खायचा सोडा, यातून जीएच ४ आणि केएच २ मिळतो. किचनचा डिजिटल काटा अर्ध्या ग्रॅमला लटपटतो, म्हणून सोनाराचा असतो तसा छोटा काटा घ्या, फार महाग नाही.

जिप्सम घेताना नीट बघा. पीओपी म्हणजे जिप्सम नाही, ते भाजलेलं असतं आणि पाण्यात पडलं की घट्ट होतं. शेतीच्या दुकानातलं जिप्समही नको, त्यात बऱ्याचदा खत कारखान्यातला माल असतो, फॉस्फेट येतं आणि शेवाळ माजतं. लॅब केमिकलच्या दुकानातून कॅल्शियम सल्फेट डायहायड्रेट असं स्पष्ट मागा. ते अतिशय सावकाश विरघळतं, लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास हीच त्याची मर्यादा, त्यामुळे मगभर पाण्यात ९ ग्रॅम टाकून ढवळत बसलात तर तासाभराने पण तळाला पांढरा थर तसाच राहणार. सरळ मोठ्या पिंपात टाका, आत एक छोटा पॉवरहेड (पाण्यात बुडवायचा पंप) किंवा एअरस्टोन रात्रभर चालू ठेवा, सकाळी पाणी स्वच्छ. सोडा मात्र खायचाच, धुण्याचा सोडा नाही आणि बेकिंग पावडर तर नाहीच.

रात्रभर हवा सोडण्याचं आणखी एक कारण. मेंब्रेन क्षार अडवतं, पण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वायू त्यातून सरळ निघून जातो. म्हणून ताज्या आरओचा पीएच सहा किंवा त्याच्याही खाली दिसतो आणि लोक घाबरून पीएच-अपची बाटली आणतात. त्या आकड्याला काही अर्थ नसतो, पाण्यात क्षारच नाहीत तर पीएच धरणार कोण. आधी जीएच-केएच नीट करा, हवा सोडा, मग मोजा, पीएच स्वतःहून जागेवर येतो.

नुसतं आरओ घातलं तर काय बिघडतं, तेही समजून घ्या. गोड्या पाण्यातला मासा स्वतः आजूबाजूच्या पाण्यापेक्षा खारट असतो, त्यामुळे चोवीस तास पाणी त्याच्या कल्ल्यांतून आत शिरत असतं आणि क्षार बाहेर गळत असतात. तो भरपूर लघवी करतो आणि कल्ल्यांनी क्षार परत ओढून घेतो. पाण्यातलं कॅल्शियम ही गळती कमी ठेवतं. पाणी एकदम रिकामं झालं की त्याची सगळी ताकद क्षार टिकवण्यात जाते. शिवाय केएच नसल्यामुळे माशांच्या घाणीतून तयार होणारं आम्ल पीएचला ओढत खाली नेतं, पाचच्या दिशेने गेला की फिल्टरमधले जिवाणूही सुस्तावतात.

आणि म्हणूनच जुना टँक एका दिवसात बदलायचा नाही. ९०० वर राहिलेला मासा २५० मध्ये एकदम टाकू नका, जरी २५० त्याच्यासाठी चांगला असला तरी. दर आठवड्याला १५-२० टक्के पाणी बदला आणि नव्या पाण्यात आरओचं प्रमाण हळूहळू वाढवा, महिना-दीड महिना लागला तर लागू दे. श्रिंपच्या बाबतीत याहून सावकाश, त्यांची कात टाकण्याची प्रक्रिया यात बिघडते.

एक जागा अशी आहे जिथे शुद्ध, काहीही न मिसळलेलं आरओच वापरायचं, ती म्हणजे टॉप-अप, उडून गेलेल्या पाण्याची भर. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात, कूलर-पंखे चालू, उघडा टँक, रोज पातळी खाली जाताना दिसते. उडतं ते फक्त पाणी, क्षार सगळे टँकमध्येच राहतात. आपण वरून बोअर ओतलं की त्यातले क्षार आणखी भर. असं दोन महिने केलं की ९०० चं बोअर आणि १४०० चा टँक होतो, मग पावसाळ्यात नवीन मासे आणले की ते टिकत नाहीत आणि कारण कोणाला सापडत नाही. वॉटर चेंज आणि टॉप-अप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठा आरओ सेट परवडत नसेल, घरचा छोटाच असेल, तर तेवढा टॉप-अपला वापरा, इतका फरक पडतो की गप्पी-मॉलीच्या टँकलाही सांगेन.

मरीन टँकवाल्यांना आरओनंतर डीआय रेझिन (उरलेसुरले क्षारही काढणारे दाणे) लावावंच लागतं, टीडीएस शून्य हवा, कारण उरलेलं सिलिकेट, नायट्रेट, फॉस्फेट शेवाळाला खाऊ घालतं. रंग बदलणारं रेझिन घ्या म्हणजे संपलेलं कळतं. गोड्या पाण्याच्या टँकला डीआयची गरज नाही, त्यात पैसे घालू नका.

पावसाळ्यात कोकण-घाटाकडे राहणाऱ्यांना आणखी एक फुकटचा मार्ग आहे, पावसाचं पाणी. पहिले काही जोरदार पाऊस जाऊ द्या, छप्पर धुतलं जाऊ द्या, मग उघड्यावर स्वच्छ प्लास्टिकचं पिंप ठेवून थेट आभाळातून पडलेलं घ्या. पत्र्यावरून, खासकरून गंजक्या किंवा जस्ताच्या पत्र्यावरून आलेलं नको. तेही आरओसारखंच रिकामं पाणी, मिसळायचा हिशोब तोच.

साठवताना झाकण घट्ट, डासांसाठी, आणि पिंप प्लास्टिकचंच. तांब्या-पितळेच्या भांड्यात आरओ कधीही साठवू नका, असं रिकामं पाणी धातूला लवकर लागतं. पाईपमध्ये पितळी नळ-कनेक्टर असतील तर मेंब्रेनच्या आधी चालतील, नंतर नको.

देखभालीत स्पनकडे डोळ्याने बघा, टँकरचं पाणी असेल तर दोन महिन्यांतच विटकरी होतो, बदला, तो सगळ्यात स्वस्त पार्ट आहे आणि बाकी सगळ्यांना वाचवतो. नळाला क्लोरीन असेल तर कार्बननंतरच्या पाण्यात क्लोरीन टेस्टचे थेंब टाका, पिवळसर झालं की कार्बन संपला, तारीख काहीही असो. बोअरला क्लोरीन नसतं त्यामुळे तिथे कार्बन जास्त चालतो.

राहिलं रिजेक्ट. वरच्या उदाहरणात ३६ लिटर शुद्धमागे ९० लिटर निघालं, आणि पाणी टंचाईच्या गावात हे मनाला लागतंच. त्याची नळी मोरीत सोडू नका, दुसऱ्या पिंपात घ्या. टीडीएस १२०० च्या पुढे गेलेला असतो म्हणून कुंड्यांना रोज नको, माती खारट होते. फरशी, बाथरूम, फ्लश, पायपुसणी भिजवायला उत्तम. फिल्टरचा स्पंज मात्र त्यात धुऊ नका, तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच धुवायचा, आणि काढलेलं ते टँकचं पाणी झाडांना घाला, त्यात खत असतं.